गुणाजींची खरखर

बाळकुमच्या गुणाजी भोईरांचं घर वर आणि लोखंड कातायचं लेथ मशीन खाली. मोटरचा स्पीड बदलायला त्यांनी ड्राइव्ह बसवला, तेव्हापासून बॅटरीवरच्या इंटरकॉमवर नुसती खरखर. बायकोनं, नंदानं, वरून काम सांगितलं की गुणाजी ओरडायचे, "काय ऐकू येत नाय गं!" आणि सुटायचे.

पण मोजमापाच्या डिजिटल पट्टीवरचे आकडेही नाचू लागले, तेव्हा मात्र गुणाजींचं डोकं फिरलं. त्यांनी तणतणत ड्राइव्हची खरखर अडवणारी शील्डवाली केबल टाकली, अर्थिंग पक्कं केलं. आकडे गप्प बसले. मेला इंटरकॉमही सुधारला.

"अहो, टिटवाळ्याहून दादा आलाय, मटण आणा!"

गुणाजींनी तोंडानंच खर्रर्र केलं. "लेथ चालू आहे, काय ऐकू येत नाय गं!"

"अहो, अख्ख्या बाळकुमची लाइट गेलीय."