रक्षा, पुढचा रविवार

हिंगणीहून बोर धरणाकडे जाताना एक फाटा लागतो. त्या फाट्यानं दोन किलोमीटर आत गेलं की मोहखेडी. सव्वाशे घरांचं गाव. या गावात कोणाकडे नवा पाहुणा उतरला, तर त्याच्यासाठी ठेवलेला चहा उकळायच्या आत त्याचं नाव, गाव आणि येण्याचं कारण सुलोचनाबाईंच्या वहीत चढलेलं असायचं. सुलोचनाबाई गावच्या पोलीस पाटील. गावात काय चाललंय ते ठाण्याला कळवायचं, हे त्यांचं काम. पण काम म्हणून त्या हे करत होत्या असं कोणी म्हटलं असतं, तर त्यांच्या नवऱ्याला, सदाशिवरावांना हसू आलं असतं. बाईंना संशय घेण्यासाठी सरकारी हुकूम लागत नव्हता.

याला कारण होतं. त्र्याण्णव सालच्या थंडीत दोन माणसं ब्लँकेटं विकत गावात आली होती. बोलायला गोड. सुलोचनाबाई तेव्हा नुसत्या घरच्या सून होत्या. त्यांनी दोघांना ओट्यावर बसवून पाणी दिलं. "गावात मोठे शेतकरी कोण? तिकडं माल खपेल," असं त्यांनी विचारलं आणि बाईंनी बोट करून करून घरं दाखवली. आठ दिवसांनी त्याच घरांच्या गोठ्यांतले सहा बैल गेले. ऐन वखरणीच्या आधी. त्यांतल्याच एका घरच्या बबनरावांचा म्हातारा बाप रिकाम्या दावणीपाशी बसून लहान पोरासारखा रडला. बाईंनी ते पाहिलं, आणि रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. सदाशिवराव म्हणाले, "आता बोलून बैल येत नाईत. गप राह्य." त्या गप राहिल्या. पण तेव्हापासून दारात आलेल्या कासाराकडेसुद्धा त्या आधी पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेत.

अठ्ठ्याण्णवमध्ये पोलीस पाटलाची जागा बाईमाणसासाठी निघाली. सुलोचनाबाई दहावी पास होत्या. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "गावात अनोळखी माणूस आला तर काय कराल?" बाई म्हणाल्या, "तो परत जाईपर्यंत जेवणार नाई, साहेब." साहेब हसले. नेमणुकीचं पत्र महिन्याभरात आलं.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या नोव्हेंबरातली. कापसाची वेचणी जोरात होती. गावामागच्या टेकडीलगत सुलोचनाबाईंचं शेत. त्या टेकडीवर भोसल्यांच्या काळातल्या चौकीचा एक दगडी चौथरा उरला होता. चौथऱ्याखाली मोहरांचे हंडे आहेत, असं गावातला प्रत्येक म्हातारा सांगायचा, आणि तरणी माणसं हसत हसत ऐकायची. पण त्या वर्षी दिवाळीआधी शेजारच्या तालुक्यात गुप्तधनासाठी खड्डा खोदताना पाच जण सापडले होते. खड्ड्यापाशी लिंबं, शेंदूर आणि काळा कोंबडा मिळाला होता. तेव्हापासून कोणी हसत नव्हतं.

अशात एका रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला एक मोटारसायकल आली. पस्तिशीचा माणूस, पँटशर्ट, पाठीला पिशवी. गाडी बाभळीखाली लावून तो टेकडीवर चढला आणि तासाभरानं उतरून गेला. बाईंनी कापसाच्या ओळीतूनच नंबर पाहिला. एमएच बत्तीस, म्हणजे वर्ध्याचा. पुढच्या रविवारी तोच माणूस, तीच वेळ. या खेपेला बाईंनी कमरेची ओटी सोडली, कापूस गाठोड्यात टाकला आणि सीताफळांच्या झुडपांआडून वर गेल्या.

माणसाच्या हातात मोबाईलपेक्षा जाडसर, पिवळं यंत्र होतं. त्याच्याकडे बघत तो चार पावलं पुढं जाई, दोन मागं येई, थांबे, पुन्हा वळे. मग गुडघ्यावर बसून त्यानं चौथऱ्याच्या दगडांमधल्या फटीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक डबा काढला. आतल्या वहीत काहीतरी लिहिलं, डबा होता तिथं ठेवला आणि पुढं चपटा दगड लावला. शेवटी चारही दिशांना नजर फिरवली.

ती नजर बाईंना आवडली नाही. त्या झुडपातून बाहेर आल्या.

"काय पाहून राह्यले भाऊ इथी?"

माणूस दचकला. यंत्र खिशात गेलं. "काही नाही ताई. धरणाचे फोटो काढतो. छान दिसतं इथून."

"कॅमेरा?"

"आज... घरी राहिला."

तो भराभरा उतरला. बाई तिथंच उभ्या राहिल्या. खरं बोलणारा माणूस असा घामाघूम होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी चपटा दगड सरकवला. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. आत एक काचेची गोटी, परक्या देशाचं नाणं, बोटभर उंचीची बाहुली. कागदावर आकडे होते: वीस, अठ्ठ्याहत्तर आणि पुढं बरेच. हे हंड्यांचं माप की कोणाचा हिशोब, बाईंना समजेना. मग वही. इंग्रजीत लिहिलेली सात-आठ नावं आणि तारखा. दोन नावं तर गोऱ्या साहेब लोकांची. शेवटची ओळ ताजी होती. दहावीच्या इंग्रजीवर बाईंनी ती अक्षर अक्षर लावून वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

"रक्षा. नेक्स्ट संडे."

रक्षा म्हणजे बबनरावांची मुलगी. अकरा वर्षांची. आणि रक्षा पायाळू होती, जन्मताना पायांकडून आलेली. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, असं मानणारे लोक आहेत. धन काढणारे अशाच पोरांच्या मागावर असतात, हेही बाईंनी ठाण्याच्या बैठकीत ऐकलं होतं.

डबा होता तसा ठेवून त्या टेकडी उतरल्या त्या थेट बबनरावांच्या दारात. रक्षा अंगणात बसून हरभऱ्याची भाजी निवडत होती. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काय झालं, काकू?" पोरीनं विचारलं.

"काई नाई. शायेशिवाय कुठी जाऊ नोको या हप्त्यात. कोनी बलावलं तरी जाऊ नोको."

ठाण्याला फोन केला. रविवारी येतो, असं जमादार म्हणाले. बाईंना वाटलं होतं की एवढ्यावरच ठेवावं. पण चौथऱ्यावर आठवडाभर नजर ठेवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी गावचा कोतवाल तानबा याला सांगितलं. आई-बापाची शपथ घालून सांगितलं. तानबानं फक्त बायकोला सांगितलं. बुधवारी पिठाच्या गिरणीवर रक्षाचं नाव होतं. शुक्रवारी बबनराव कुऱ्हाडीला धार लावत होते.

रविवारी साडेआठलाच बाभळीखाली तीस-चाळीस माणसं जमली. कोणाकडे काठी, कोणाकडे वखराची लोखंडी पास. बाई त्यांना परत पाठवू लागल्या, पण कोणी ऐकेना. जमादारांचा पत्ता नव्हता. फोन लावला तर उत्तर आलं, बंदोबस्तात आहेत, येतील.

नऊला मोटारसायकल आली. आज मागं एक बाई होती.

गाडी थांबायच्या आत लोकांनी वेढा घातला. कोणीतरी किल्ली काढून घेतली. माणसाची पिशवी हिसकली गेली, पिवळं यंत्र मातीत पडलं. "पोट्टी न्याले आला काय बे?" बबनराव ओरडले आणि त्याची कॉलर धरली. त्यांचा दुसरा हात वर गेला होता.

सुलोचनाबाई मधे घुसल्या. त्या क्षणी त्यांना पोलीस पाटील असल्याची आठवण नव्हती. त्यांना एवढंच दिसत होतं की या माणसाचं डोकं फुटलं, तर ते आपल्या जिभेमुळं फुटेल. मागं एकदा ओट्यावर बसून बोट केलं होतं. या वेळी तानबाच्या कानात बोलल्या होत्या.

"बबनराव, हात खाली! आधी मी इचारतो. मंग तुमाले काय करायचं ते करजा."

"इचारायचं काय राह्यलं, पाटीलबाई? वहीत नाव हाये ना माह्या पोरीचं!"

"कोणाचं नाव?" गाडीवर मागं बसलेली बाई पुढं आली. भीतीनं तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज तिनं सावरला होता.

"रक्षाचं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "रक्षा, पुढचा रविवार. तुमच्या मानसानं लिवलं."

ती बाई नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मी किती वेळा सांगितलं तुम्हाला, गावात आधी सांगा म्हणून!" आणि सुलोचनाबाईंना म्हणाली, "रक्षा मीच आहे. आज मला घेऊन येतो, असं लिहिलं यांनी."

गर्दीत कुजबुज झाली. बबनरावांची मूठ सैल झाली, पण कॉलर सुटली नाही. बाईंनाही ते लगेच पटलं नाही. बायको सोबत आणून नाव सांगायला लावणं काय कठीण आहे?

माणसाचं नाव धर्मेंद्र. वर्ध्याला एका संस्थेत विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायचं काम करायचा. पवनारला आश्रम बघायला आलेल्या एका जर्मन जोडप्यानं त्याला हा खेळ शिकवला होता. जगभर लोक असे डबे लपवतात. ती जागा आकाशातल्या उपग्रहांवरून आकड्यांत मोजतात आणि इंटरनेटवर टाकतात. मग कोणीही ते आकडे घेऊन यायचं, डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं आणि परत ठेवायचा. हा डबा त्या जोडप्यानंच ठेवला होता, आणि पहिल्या रविवारी धर्मेंद्रला तो सापडला नव्हता. हे सगळं तो अडखळत सांगत होता.

"आन् भेटते काय?" तानबानं विचारलं.

"काही नाही."

"काईच नाई? मंग येता काऊन?"

"शोधायला मजा येते," धर्मेंद्र म्हणाला. ते ऐकून लोक पुन्हा खवळले. काहीच मिळत नसताना कोण शहाणा माणूस सुटीच्या दिवशी चाळीस किलोमीटर गाडी हाणत येईल?

"मागल्या रविवारी मले फोटोचं खोटं काऊन सांगतलं?" बाईंनी विचारलं.

"खेळात नसलेल्यांना जागा कळू द्यायची नसते, ताई. तसा नियम आहे."

बाईंनी मातीतलं यंत्र उचललं, पदरानं पुसलं. "हे जागा दाखवते म्हंता ना? मंग दाखवा. मी लपवतो."

कोणतं बटन कुठं दाबायचं ते त्यांनी नीट विचारून घेतलं. नवराबायकोला तोंड धरणाकडे करून उभं केलं, भोवती माणसं लावली, आणि स्वतः यंत्र घेऊन तुरीच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं निघाल्या. मुद्दाम आधी उजवीकडे गेल्या, मग नाल्यात उतरून डावीकडे. एका पळसाच्या बुंध्यापाशी कमरेची किल्ल्यांची जुडी काढून पानांखाली सारली आणि बटन दाबलं. परत आल्यावर यंत्र धर्मेंद्रला दिलं नाही. त्याच्या बायकोला, रक्षाला दिलं.

रक्षा पुढं, मागं अख्खं गाव. ती सरळ नाल्याकडे गेली तेव्हा लोकांचं बोलणं थांबलं. पळसाजवळ आल्यावर मात्र ती घुटमळली. यंत्र चार-पाच मीटरपर्यंतच सांगतं, पुढं डोळ्यांनी शोधावं लागतं, म्हणाली. पळस तिथं सात-आठ होते. ती एकेका झाडाखाली वाकून पानं चाळू लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बबनराव खाकरले. बाईंच्या मनात आलं, सापडू दे. आणि लगेच दुसरं आलं, की सापडलं तर आपण आठ दिवस गावाला कशापायी जाळलं?

किल्ल्या वाजल्या. रक्षानं जुडी वर धरली, आणि एवढ्या सगळ्या काठ्यांमधे उभी असूनही ती खुदकन हसली. अगदी शाळेतल्या पोरीसारखी.

पहिल्यांदा तानबा हसला. मग एकानं यंत्र हातात मागून घेतलं, दुसऱ्यानं आपला विळा लपवायचं ठरवलं. जमादार साडेअकराला पोचले तेव्हा पाटीलबाईंच्या शेतात निम्मं गाव पळसांखाली पानं चाळत होतं, आणि बबनराव धर्मेंद्रच्या शर्टाचं तुटलेलं बटन शोधत होते. त्यांनी माफी मागितली नाही. पाण्याचा गडवा आणून हातात दिला.

जमादारांनी जबाब घेतला आणि ते गेले. बाईंनी जोडप्याला घरी नेऊन भाकरी आणि आंबाडीची भाजी वाढली. स्वतः मात्र त्या जेवायला बसल्या नाहीत.

"तुमचा जीव गेला असता भाऊ आज," त्या म्हणाल्या. "माह्या तोंडानं."

"तुम्हीच मधे आलात, ताई."

"नंतर आलो," बाई म्हणाल्या, आणि चुलीकडे वळल्या.

डबा चौथऱ्यातून काढायला त्यांनी सांगितलं. तिथं हंड्यांच्या नादी लागलेलं कोणी येऊन पुन्हा काही घडायला नको. दोन आठवड्यांनी तो शेताच्या धुऱ्यावर, विहिरीच्या मोटेचं पाणी पडतं त्या दगडी थारोळ्याखाली गेला आणि इंटरनेटवरचे आकडे बदलले. येणारे फार नव्हते, वर्षाला चार-पाच. नागपूरची पोरं, कधी पवनार-सेवाग्रामला आलेला एखादा परदेशी. ते येऊन इकडे तिकडे बघत, बाईंना पाहिलं की उगाच झाडाकडे तोंड करत. बाई कापूस वेचत राहत, आपण काही पाहिलंच नाही अशा. गाडीचा नंबर मात्र लिहून घेत. खेळाच्या नावाखाली कोण येईल, याचा काय भरवसा?

दोन हजार आठच्या जानेवारीत धर्मेंद्रची बायको रक्षा त्यांना पवनारला घेऊन गेली. धाम नदीच्या काठच्या खडकांत कोणीतरी नवा डबा ठेवला होता. सदाशिवराव म्हणाले, या वयात काय हे खूळ? बाई म्हणाल्या, पाहून येतो, कोनं ठेवला, काऊन ठेवला. दुपारभर दोघी खडकांवरून चढउतार करत होत्या. बाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. डबा सापडला तेव्हा त्यांनी तो आधी कानाशी हलवून पाहिला, मग उघडला. रक्षानं पेन पुढं केलं. बाईंनी मराठीत लिहिलं, मोठ्या, सावकाश अक्षरांत: सुलोचना सदाशिव, पोलीस पाटील, मोहखेडी. तपासलं. आक्षेपार्ह काही नाही.

रक्षा वाचून हसायला लागली. बाई मात्र गंभीर होत्या. त्यांनी तारीख घातली, खाली वेळ लिहिली, आणि झाकण नीट बसलंय की नाही ते दोनदा दाबून पाहिलं.