मुठीतली टोपी

साधना चाकणच्या एका कारखान्यात गेली एकोणीस वर्षं तपासणीच्या टेबलावर आहे. ओतीव लोखंडाचे सुटे भाग तिच्यासमोर येतात, ती ते दिव्याखाली फिरवून बघते आणि केसाएवढी चीर असली तरी भाग बाजूला काढते. नव्या मुली विचारतात, "ताई, तुम्हाला दिसतं तरी कसं?" ती म्हणते, "सवय." लहानपणी वडिलांनी बंदूक चालवायला शिकवलं, हे तिने कंपनीत कुणाला सांगितलेलं नव्हतं. कंपनीतच कशाला, आईवडील आणि नवरा सयाजी सोडले तर गेल्या वर्षापर्यंत ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचं माहेर आजरा तालुक्यात, जंगलाला खेटून. वडील भिमाजी, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती, ठासणीची. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, वर छर्रे, परत चिंधी, सगळं गजाने ठासायचं आणि मागे घोड्याखाली हरभऱ्याएवढी तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. टोपी नसेल तर बंदूक म्हणजे नुसती काठी.

साधना अकरा वर्षांची असताना एकदा टोपीचा तुकडा उलटा उडाला आणि अण्णांचा उजवा डोळा गेला. डावा आधीपासूनच अधू होता. भर उन्हात त्यांचं भागायचं, पण सांज झाली की समोरचं माणूस आवाजावरून ओळखायचे. हे गावात कळलं असतं तर लायसन गेलं असतं, आणि लायसन गेलं असतं तर रानडुकरांनी भुईमुगाचा एक वेल ठेवला नसता. आईशिवाय कुणाला न सांगता अण्णांनी एक दिवस एकुलत्या एक लेकीला पाठीमागच्या रानात नेलं आणि रिकामी बंदूक तिच्या हातात दिली.

"धर."

"किती वेळ?"

"मी पुरं म्हंस्तवर."

पहिला महिनाभर नुसतं धरणंच चाललं. दस्ता खांद्यात रुतवायचा, गाल लाकडाला लावायचा, नळीच्या टोकावरची नेमाची माशी आणि समोरचं मडकं एका रेषेत आणायचं. हात थरथरायला लागले की अण्णा म्हणायचे, "थरथरू दे. थरथर संपल्यावर जे उरतंय, त्यो तुजा हात." श्वास कसा सोडायचा तेही त्यांनीच शिकवलं. आणि एक गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली की ती झोपेतही म्हणून दाखवायची: पाय दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. झुडूप हललं, काळं काही दिसलं, आवाज आला, तरी नाही. चार पाय मोजायचे, मग चाप.

पहिला बार काढला तेव्हा ती मागे भेलकांडली आणि खांदा काळानिळा झाला. आईने हळद लावता लावता अण्णांना जे सुनावलं ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. तिसऱ्या महिन्यात तिने पहिला ससा मारला. तिला रडू वगैरे आलं नाही. ताठ मानेने ती ससा हातात धरून घरी आली आणि दोनदा रस्सा मागून घेतला. डुक्कर मात्र पहिलं पडलं तेव्हा तिला धाप लागली, आणि अण्णा डुकरापाशी न जाता आधी तिच्यापाशी येऊन बसले. "लागलं न्हाई न्हवं तुला?" एवढंच विचारलं.

गावात मांसाचे वाटे गेले. लोक अंगणात येऊन म्हणायचे, "भिमाजीचा नेम म्हंजे नेम." अण्णा मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटायचे आणि साधना त्या लोकांना पाणी नेऊन द्यायची. तिला राग यायचा. एकदा तिने परकर झटकून विचारलंही, "मी मारलं म्हणून सांगत का न्हाई?" अण्णा म्हणाले, "सांगीन. जरा मोठी हो." ते सांगायचं राहूनच गेलं.

ती पंधरा वर्षांची असताना, भुईमूग काढणीला आलेला होता तेव्हाची गोष्ट. दोन दिवसांपूर्वी डुकरांनी अर्धी पट्टी उकरून टाकली होती आणि अण्णा धड जेवत नव्हते. उजाडता उजाडता दोघं बांधापाशी जाऊन बसली. धुकं इतकं होतं की पलीकडची पायवाट दिसत नव्हती. साधनाने बंदूक ठासून टोपी बसवली, घोडा चढवला.

थोड्या वेळात खालच्या बांधाला खसखस झाली. काहीतरी काळसर, ओलं, पाठीला पोक असलेलं, हळूहळू पुढे सरकत होतं.

"डुक्करच हाय," अण्णा कानाशी म्हणाले. "मार."

"पाय दिसंनात."

"मार म्हंतो न्हवं! पळंल."

"अण्णा, पाय दिसंनात."

अण्णांनी आजवर तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी त्यांनी तिच्या हातातली बंदूक हिसकली. त्या हिसकाहिसकीत साधनाने एकच केलं. घोड्याखाली बोट घालून टोपी काढली आणि मुठीत दाबली. अण्णांना ते दिसलं नाही. त्यांनी आवाजाच्या रोखाने नळी धरली आणि चाप ओढला.

खट.

खाली बांधावरचं ते काळं दोन पायांवर उभं राहिलं. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात विळा. शेजारच्या लक्ष्मणरावांची बायको, कुसुमकाकी. तिने इकडेतिकडे बघितलं, गवताचा भारा उचलला आणि धुक्यात पळत सुटली.

"काय हुतं?" अण्णांनी विचारलं. त्यांना नुसतं काहीतरी हललेलं कळलं होतं.

साधनाने सांगितलं. मग मूठ उघडून टोपी त्यांच्या तळहातावर ठेवली. अण्णांनी ती बोटांनी चाचपली. नंतर बांधावर कपाळ टेकून ते ज्या आवाजात रडले, तसा आवाज साधनाने त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी तालुक्याला जाऊन बंदूक आणि लायसन पोलीस ठाण्यात जमा केलं. गावाला म्हणाले, डोळे गेले. ते खरंच होतं. पण लक्ष्मणरावांच्या घरी त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. दोन घरांत एक कुडाची भिंत, रोजचं ताक-भाजीचं देणंघेणं, आणि हा माणूस कुसुमकाकी पुढच्या दाराने आली की मागच्या दाराने निघून जायचा. लक्ष्मणराव वारले तेव्हाही ते लांब, चिंचेखाली उभे राहिले आणि तसेच परतले. साधना तोवर लग्न होऊन पिंपरीला आली होती. तिने फोनवर समजावलं, भांडलीही. अण्णा म्हणायचे, "तिच्या तोंडाकडं बगवत न्हाई मला."

आई गेल्यावर साधनाने अण्णांना संत तुकाराम नगरला आपल्याकडे आणलं. इथे त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि इतक्या वर्षांनी त्यांना नीट दिसायला लागलं. ते गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे न्याहाळायचे.

गेल्या वर्षी कुसुमकाकीचा फोन आला. तिच्या मुलाने, सुजितने, पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला होता आणि रविवारी वास्तुशांत होती.

"तू तर येच," काकी म्हणाली, "पर भावजींस्नी बी आण. म्हणावं, आता तरी राग सोडा. मी बी म्हातारी झाले, तुमी बी."

"राग कसला, काकी?"

"त्यास्नी ठावं हाय," असं म्हणून काकीने फोन ठेवला.

साधना चक्रावली. तिने अण्णांना निरोप दिला. अण्णा नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. शनिवारी तिने शिफ्टवरून आल्यावर चपलाही न काढता त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "काकीला वाटतंय तुम्ही तिच्यावर रागावलाय. बत्तीस वर्षं ती काय समजून बसलीय देव जाणे. एकदा सांगून टाका."

"काय सांगू? तुमच्यावर चाप ओढला हुता म्हणून?"

"हो. तेच."

अण्णांनी रात्री जेवताना उत्तर दिलं. "किती वाजता निगायचं?"

सुजितचा फ्लॅट नवव्या मजल्यावर होता. पूजा आटोपली होती, पाहुणे जेवायला खाली क्लब हाउसमध्ये गेले होते. काकी पाय दुखतात म्हणून आतल्या खोलीत खुर्चीवर बसली होती. सयाजी सुजितशी बोलत बाहेर थांबला आणि साधना अण्णांना घेऊन आत गेली. काकी उठायला लागली, अण्णांनी हातानेच बसा म्हटलं. मग दोघंही एकमेकांकडे न बघता नव्या फरशीकडे बघत राहिली.

काकीनेच तोंड उघडलं. "भावजी, चुकलं माजं. तवा म्हस व्यायली हुती, घरात वैरणीची काडी नव्हती. ह्यास्नी बोलले असते तर तुमच्याकडनं मागून आणलं असतं, पर मला लाज वाटली. म्हणून न इचारता तुमच्या बांधाचं गवात कापलं. तुमी बगितलासा, बंदुकीचा खटका वाजवून भ्या दावलासा, ते माजं मला कळलं. पर त्या एका भाऱ्यापायी इतकी वरसं…"

"कसलं गवात?" अण्णा म्हणाले.

"आता कसलं म्हंजे?"

"वैनी, गवताचं मला काय बी ठावं न्हाई." अण्णांनी आता तिच्याकडे बघितलं. "मला दिसत नव्हतं. मला डुक्कर वाटलं. मी भ्या दावलं न्हाई, मी चाप ओढला. मारायसाठनं ओढला."

अण्णांनी मग सगळं सांगितलं. डोळा कसा गेला, बंदूक कोण चालवायचं, त्या सकाळी साधना दोन वेळा काय म्हणाली आणि त्यांनी काय केलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. बोलून झाल्यावर ते भिंतीला धरून उभे राहिले.

काकी साधनाकडे वळली. "आणि टोपी तू काढलीस?"

"हो."

"का गं?"

"चार पाय मोजायचे होते. एकही दिसला नव्हता."

काकीने पदर तोंडाला लावला. साधनाला वाटलं, ती रडतेय. पण काकी हसत होती, आणि हसता हसता मग रडतही होती. "अगं बया," ती म्हणाली, "आणि मी मेली बत्तीस वरसं गवात चोरलं म्हणून तुमच्या दारातनं मान खाली घालून जातोय! तुजी आई ताक द्यायची तर घशाखाली उतरायचं न्हाई माज्या."

अण्णाही हसायला लागले. त्यांना खाली बसवावं लागलं.

हसणं ओसरल्यावर काकीने डोळे पुसले. मग तिने अण्णांकडे रोखून बघितलं. "चाप ओढला ते जाऊ द्या. तुमास्नी दिसत नव्हतं. पर हे गेले तवा तुमी दारात आला न्हाईसा. मरायच्या आदल्या दिवशी बी तुमचं नाव काडलं हुतं त्यांनी. ते मातर मी इसरणार न्हाई."

"इसरू नका," अण्णा म्हणाले. "माजी चूक हाय ती."

"हाय तर हाय. चला, जेवून घ्या. पानं गार हुत्यात."

खाली जाताना लिफ्टमध्ये काकीने साधनाचा दंड धरला होता, आणि बाहेर आल्यावर भेटेल त्या गाववाल्याला ती सांगत सुटली की भिमाजीचा नेम भिमाजीचा नव्हताच, या पोरीचा होता. कुणी विश्वास ठेवला, कुणी ठेवला नाही. आजऱ्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याने अण्णांना मुद्दाम विचारलं, "खरं काय रं?" अण्णा तोंडातला घास गिळून म्हणाले, "सगळी डुकरं तिनंच मारली. मी नुसता ठासून द्यायचो, आणि पुढं पुढं ते बी तीच करायची." साधना शेजारच्या पंगतीत वाढायला उभी होती. तिने आमटीची बादली खाली ठेवली आणि ताठ मानेने अण्णांकडे बघितलं.

परतताना रिक्षात अण्णा अखंड बोलत होते. लक्ष्मणराव आणि ते तरुणपणी कुठल्या ओढ्यात मासे धरायचे, लक्ष्मणरावांना पोहता कसं येत नव्हतं, एकदा बाजारातून दोघं एकच सायकल कशी आळीपाळीने चालवत आले. साधनाने यातलं काहीच आधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं शेजारच्या घराचं नावच निघत नव्हतं, तर त्या घरातल्या माणसाच्या आठवणी तरी कशा निघणार? सयाजी पलीकडे दाटीवाटीने बसून मधूनमधून वळून हसत होता.

पुढच्या महिन्यात साधना अण्णांना घेऊन गावी गेली. काकीही सुजितच्या गाडीतून आली. चिंचेपलीकडे लक्ष्मणरावांच्या आठवणीची छोटी दगडी खूण आहे. अण्णा तिथे बराच वेळ एकटे बसले, आणि त्या दोघी पायवाटेवर थांबल्या. काकीने पिशवीतून शेंगा काढल्या. दोघींनी त्या फोडून खाल्ल्या आणि टरफलं तिथेच झाडाच्या बुंध्याशी टाकली.