लाटण्यावरची कोळशाची रेघ

लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला. कॉलेज अर्धवट सुटलं आणि मी लोणावळ्याला भावाकडे राहायला आले. भाऊ रेल्वेत गार्ड. दोन-दोन दिवस घरी नसायचा. आसपासचे बंगले मुंबईकरांचे, पावसाळ्यात सगळे कुलूपबंद. पुढच्या जूनमध्ये तुझं नाव परत घालू, असं भाऊ म्हणाला होता, म्हणून मी पुस्तकं काढून बसायची.

एका धड्यापाशी अडले. उतारावरून न घसरता गडगडत येणाऱ्या वस्तूवर घर्षण असतं, तरी ऊर्जा वाया जात नाही, असं पुस्तक म्हणत होतं. घर्षण आहे तर नुकसान कसं नाही? विचारायला कोणी नव्हतं. दोन दिवस तेच पान उघडं होतं.

शेवटी पाट भिंतीला तिरका लावला, लाटण्यावर कोळशाने लांब रेघ ओढली आणि वरून सोडलं. रेघ गरगर फिरत खाली आली. मग पाट चांगला उभट केला, त्यावर तेल चोपडलं. या खेपेला लाटणं सरळ घसरत आलं. रेघ जेमतेम फिरली.

म्हणजे लाटण्याला फिरवत होतं ते घर्षणच! आणि गडगडताना टेकलेली जागा पाटावर घासतच नाही, नुसती टेकते आणि उचलली जाते. मग वाया काय जाणार? मी मोठ्याने हसले. रिकाम्या खोलीत तो आवाज मलाच परका वाटला.

इतक्यात जवळच्या वळवण गावची दूधवाली मावशी दारात आली.

"ताई, कुनासंगं हसताय?"

"कोणी नाही. मावशी, आत या, एक गंमत दाखवते."

ओलं इरलं बाहेर ठेवून ती आत आली. मी दोन्ही प्रकार करून दाखवले, समजावूनही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला न्हाई कळलं," ती म्हणाली, "पन परत सोडा बघू."

मी परत सोडलं. त्या दिवशी तिची पुढची घरं उशिरा झाली.

भाऊ आला तेव्हा त्यालाही सांगू लागले. तो थकलेला होता. "बरं झालं" म्हणाला आणि जेवून झोपला.

जूनमध्ये खरंच पुण्याच्या कॉलेजात माझं नाव घातलं. निघायच्या दिवशी भाऊ ड्यूटीवर होता. स्टेशनवर मावशी आली, रिकामी चरवी कडेवर घेऊन. गाडी हलली तशी ती म्हणाली, "जपून ऱ्हावा, ताई."

पुण्यापर्यंत डब्यात मी गडगडणाऱ्या वस्तूंचं ते पान उघडून बसले.