कालव्यापलीकडचा अर्धा भाग

माणसाच्या मनात उठणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कोणत्या ना कोणत्या विश्वात अगोदरच दिलं गेलेलं असतं... हे आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपच्या नियमावलीतलं पहिलं वाक्य आहे. नियमावली अॅडमिन गुप्ता यांनी लिहिली. गोंदियाच्या बाजारात त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि माझ्या फोनचा स्पीकर का वाजत नाही याचं उत्तर त्यांनी निदान या विश्वात तरी अजून दिलेलं नाही.

मी वाचनालयात नोकरी करतो. भुताखेतांची पुस्तकं सगळ्यात लवकर फाटतात, यापलीकडे त्या विषयाचा माझा अनुभव नाही. या सदरातले वाचकांचे अनुभवही मी वाचतो ते बहुधा लेखकाची चूक कुठे झाली हे शोधायला. तेव्हा माझ्या लिखाणातली चूक तुम्ही शोधून दिलीत तर आभारीच राहीन.

आमचा ग्रुप एका जुन्या हिंदी विज्ञान मालिकेच्या चाहत्यांचा आहे. आम्ही शाळेत असताना ती रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर प्रतिक्रियांमध्ये तुम्ही तेवढंच बोलाल. तीस-पस्तीस मेंबर आहेत, पैकी सात-आठ जण महिन्याच्या पहिल्या रविवारी गुप्तांच्या दुकानात भेटतात आणि प्रौढ माणसांना न शोभणाऱ्या गंभीरपणे भांडतात. सर्वात जास्त भांडण समांतर विश्वाच्या भागांवर. पलीकडच्या विश्वात गेलेला डॉक्टर शेवटी परत आला की त्याच्यासारखा दिसणारा तिकडचाच डॉक्टर इकडे आला, यावर दोन माणसांचं आजही बोलणं बंद आहे.

असे भाग एकूण तीन. ते नेटवर आहेत, सगळ्यांनी पाहिलेले आहेत. पण विलास रामटेके म्हणतो, चार.

विलास माझा जुना मित्र, हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको, सुनंदावहिनी, कावीळ होऊन गेली. मी मयतीत होतो. मुलगी समीक्षा दहावीत आहे. वहिनी गेल्यापासून विलास शाळेतून आला की लॅपटॉप उघडून या मालिकेचे भाग पाहत बसतो. समीक्षा स्वतःचा डबा स्वतः करते आणि बापाचं ताट झाकून ठेवते. ते बहुतेक वेळा सकाळी तसंच झाकलेलं सापडतं.

त्याच्या चौथ्या भागाची गोष्ट अशी. यानाचा दिशादर्शक... त्याची बायको मेलेली आहे, घरी लहान मूल आहे. यान भरकटून दुसऱ्या विश्वात जातं. तिथे त्याला स्वतःचंच घर दिसतं. तो दार वाजवतो. दार उघडतं, आणि समोर बायको उभी. जिवंत.

"पुढे?" गुप्तांनी विचारलं.

"लाइन गेली."

हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल. तिरोडा तालुक्यात चोरखमारा तलावाचा कालवा जातो. त्याच्या अलीकडे विलासचं गाव, पलीकडे सुनंदावहिनीचं माहेर. भारनियमनाचे दिवस, दोन्ही गावांचे फीडर वेगळे. रविवारी बरोबर दहाला अलीकडची लाइन जायची आणि पलीकडची यायची. मालिका साडेनऊ ते साडेदहा. म्हणजे विलासच्या गावाला पूर्वार्ध, वहिनींच्या गावाला उत्तरार्ध. शाळा एकच. सोमवारी दोन गावची पोरं कालव्याच्या पुलावर भेटायची आणि अर्धा-अर्धा भाग एकमेकांना सांगून पूर्ण करायची. या भागातल्या एका अख्ख्या पिढीनं ही मालिका अशीच पाहिली आहे. विलास आणि सुनंदा यांची जोडीही त्या पुलावरच जमली.

"तो मग भाभीजीने बताया होगा न, आगे का," गुप्ता म्हणाले.

"सांगितलं ना. पुलावर बसून सारं सांगितलं."

"फिर?"

"मी आयकलोच नाही. तिच्याकडे पाहत राहिलो. ती म्हणे, समजलं काय. मी हाव म्हणून टाकलो."

कोणी हसलं नाही. गुप्ता मात्र तत्त्वाचा माणूस. ते म्हणाले, "सर, ऐसा एपिसोड है ही नहीं. किसी ने देखा नहीं. सबूत लाओ, वरना अगले संडे-मीटिंग में अंतिम सूची पास होगी, तीन की."

बाहेर आल्यावर मी विलासला म्हटलं, "होऊ दे ना पास. गुप्ताच्या यादीनं काय फरक पडते?"

"भाग नव्हता तर तो सोमवारही नव्हता, बिसेन," तो म्हणाला. "वीस वर्सं बाजूला बसली होती, एकदा विचारलो नाही. म्हटलं विचारू कधीतरी. तो नवरा तिथंच राहिला का वापस आला, एवढंच पाहिजे मले."

त्याचा आवाज मला आवडला नाही. मला सरळ दिसत होतं की हा माणूस मालिकेबद्दल विचारत नाहीये.

पुढच्या शनिवारी त्याला न सांगता मी स्कूटरवर पलीकडच्या गावाला गेलो. हिशोब साधा होता. गावात तेव्हा एकच टीव्ही होता, त्या घरचं कोणीतरी असेल, कोणाला तरी आठवत असेल. धानाची मळणी उरकली होती, धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, हिरवीगार उभी. ऊन चांगलं पडलं होतं. वातावरणनिर्मितीला काही वाव नव्हता.

टीव्हीवालं घर भागरताबाईंचं. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. नजर, कान दोन्ही शाबूत. मी कशाला आलो ते सांगितलं.

"इमानाचा खेळ," त्या म्हणाल्या; इमान म्हणजे विमान, आमचं यान. "आता तुमालेबी तेच पाहिजे काय जी? सुनंदाबी तेच इचारून राहिली."

"कोण सुनंदा?"

"काऊन, आमचीच सुनंदा. कालव्यापलीकडं रामटेक्याच्या घरी देली ते. येते बिचारी. नवरा गेला ना तिचा, दोन वर्सं झाले. कावीळ झाली होती."

म्हातारपणी माणसाची उलटापालट होते, हे मी घरी पाहिलेलं आहे. मी हळूच म्हटलं, "आजी, नवरा आहे. सुनंदावहिनी गेल्या. मी मयतीत होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या माणसाकडे पाहतात तसं. "तुमी दुसऱ्या कोनाच्या गेले असान," म्हणाल्या, आणि लसणाची पुढची पाकळी घेतली.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "काय विचारते ती?"

"म्हणते, आजी, खेळाचं मांगचं कोनाले येते काय. पुढचं मले सारं येते. मांगचं त्याले येत होतं. पुलावर बसून त्यानं सांगलं, पन मी आयकलीच नाही, म्हणते, त्याच्याकडेच पाहत राहिली." मग त्या थोडं हसल्या. "तवा इचारली नाही, आता कोनाले इचारते."

इथे मला पहिल्यांदा मानेवर काहीतरी जाणवलं. थंडीचे दिवस होते, हे नमूद करतो.

"आणि पुढचं काय आहे?" मी विचारलं. "तिला येतं ते?"

भागरताबाईंनी सांगितलं. दिशादर्शकाची ती तिकडची बायको दार उघडते. तिकडं तिचा नवरा मेलेला आहे. हा आपला नव्हे हे तिला पाहताक्षणीच कळतं. ती ओरडत नाही, रडत नाही. म्हणते, आधी जेव. भात वाढते, लाखोरीची भाजी वाढते. तो जेवतो. मग म्हणतो, मी इथंच राहतो. ती म्हणते, "तिकडं लेकराले माय नाही. तू इथं राहिला तं बापबी नाही. जाय." तो हात धुतो आणि जातो.

"संपला," भागरताबाई म्हणाल्या. "इमानात बसून गेला."

मी वहीत सगळं शब्दशः उतरवून घेतलं. लाखोरीच्या भाजीशी माझी पेन्सिल थांबली. या मालिकेत कोणी कधी काही खात नाही. का खात नाही, यावर आमच्या ग्रुपमध्ये स्वतंत्र चर्चा झालेली आहे.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "सनवारी येते ती. दहा वाजता."

मी घड्याळ पाहिलं. दहाला बारा मिनिटं कमी होती.

आयुष्यभर मी लोकांना पुरावे मागत आलो. गुप्तांपेक्षा मी काही वेगळा नाही. इथे बारा मिनिटं खाटेवर बसलो असतो, तर पुरावा आपल्या पायानं चालत आला असता, किंवा आला नसता आणि म्हातारीचं डोकं फिरलंय हे सिद्ध झालं असतं. मी उठलो. काम आहे म्हणालो. शनिवारी वाचनालयाला सुट्टी असते.

कालव्याच्या पुलावर समोरून एक बाई येत होती. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. गावाकडच्या रस्त्यावर बाई दिसणं यात काही विशेष नाही. मी हँडलकडे पाहत स्कूटर काढली. ती थांबली असावी, कारण मी जवळून गेलो तेव्हा पावलांचा आवाज बंद झाला. मी आरशात पाहिलं नाही. आरसा आहे, चांगला आहे.

दुपारी विलासकडे गेलो. तो लॅपटॉपसमोर होता, समीक्षा आत अभ्यास करत होती. मी फक्त उत्तरार्ध वाचून दाखवायचं ठरवलं होतं. "आधी जेव" इथे आलो तेव्हा त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"जेवला?"

"हो. भात आणि लाखोरीची भाजी."

त्यानं लॅपटॉप बंद केला. "तिच्या साऱ्याच भागांत जेवायचे," तो म्हणाला. "खरं काय दाखवलं काय माहीत, पण ती सांगायची तेव्हा कोणी उपाशी जात नसे. एकदा तर यंत्रमानवाले पेज पाजली होती तिनं." मग म्हणाला, "वाच पुढे."

मी वाचलं. शेवटचं वाक्य झाल्यावर त्यानं विचारलं, कोणी सांगितलं. मला खोटं चांगलं बोलता येत नाही. सगळं सांगितलं... कावीळ, शनिवार, दहा वाजता, पुलावरची बाई. माझा अंदाज होता की तो चप्पल घालून तडक निघेल. मी दारात पाय ठेवून बसलो होतो, खरं सांगायचं तर अडवायलाच.

त्यानं शाळेचे चार कागद घेतले आणि पूर्वार्ध लिहायला बसला. तासभर लिहीत होता. घडी घालून माझ्याकडे दिले.

"तिले मागचं पाहिजे ना. देऊन ये."

"तू काऊन नाही जात?"

त्यानं आतल्या खोलीकडे मान केली. समीक्षा मोठ्यानं सूत्रं पाठ करत होती. "मी गेलो तर वापस येणार नाही," तो म्हणाला. एवढंच. मग आत जाऊन त्यानं तिला विचारलं, भात आहे काय.

पुढच्या शनिवारी, सकाळी आठलाच, मी कागद घेऊन गेलो. आठला जाण्यामागचं कारण तुम्ही ओळखलं असेल. भागरताबाई त्याच खाटेवर होत्या. मी म्हटलं, "हे सुनंदाला द्या. मागचं आहे."

"कोनत्या सुनंदाले?"

"तुम्हीच म्हणालात ना, शनिवारी येते म्हणून."

"ते तं वारली जी," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाले. तुमी होते ना मयतीत, मी पाहिली होती तुमाले." आणि माझी कीव आल्यासारखं, "ठेवा कागद. कोनी आलं तं देईन."

महिनाअखेरीस परत गेलो. चारपैकी तीन कागद अंगणातच होते, त्यांवर वड्या वाळत घातलेल्या. चौथा, ज्यात दार उघडतं तो, नव्हता. विचारलं तर त्यांना आठवेना. वारा असतो, शेळ्या असतात. मी खाटेखालीही पाहिलं.

तर माझ्याकडे जे आहे ते असं. एक म्हातारी, जिनं पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्याच अंगणात तो भाग पाहिला असेल आणि आता माणसं आणि मालिका एकत्र केली असतील. इथवर मला सगळं पटतं. पण "आयकलोच नाही, पाहत राहिलो" हे विलासनं जन्मात एकदाच, गुप्तांच्या दुकानात, आठ माणसांसमोर म्हटलं होतं, आणि सहा दिवसांनी ते मला चाळीस किलोमीटरवर, कालव्यापलीकडे, बाईच्या तोंडून परत ऐकायला मिळालं. ते तिथे कसं पोचलं, याचा खुलासा माझ्याकडे नाही. पुलावर मान वर का केली नाही, याचाही नाही.

पहिल्या रविवारी मीटिंग झाली. मी वही वाचून दाखवली. गुप्ता म्हणाले, "स्पेसशिप में लाखोरी? बिसेनजी, आप तो पढ़े-लिखे आदमी हैं." समांतर विश्वाचे भाग तीनच असल्याचा ठराव सहा विरुद्ध एक मतानं मंजूर झाला. विरोधी मत माझं. विलास मतदानाला नव्हता. समीक्षाची सराव परीक्षा होती, तिला सोडायला गेला होता, आणि येताना त्याला वांगी आणायची होती.