परत घेण्याचा शब्द

संस्थान विलीन झालं आणि मुरारमधल्या माझ्या दुकानाच्या जागेबद्दल नव्या सरकारचं इंग्रजी पत्र आलं. उत्तराला मुदत आठ दिवसांची होती. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पडावाच्या नाक्यावर लोकांचे अर्ज लिहून देत बसणाऱ्या एका अर्जनविसाला गाठलं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याने पत्रातल्या एका शब्दाखाली नख ओढलं आणि पुठ्ठा निघालेला कोश उघडला.

"रिझ्यूम. मूळ लॅटिन. पुन्हा घेणं."

"पुन्हा कसं?" मी त्याच्यावरच तडकलो. "खड्डा होता तिथे. मी विकत घेतला, मी बुजवला."

"तेच सांगतोय, भाऊसाहेब. जागा आधीपासून त्यांचीच, असं हा शब्द धरूनच चालतो. आपल्या अर्जीत तो येऊ द्यायचा नाही. आपण लिहू, सरकार जागा मागतंय. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं."

टाक केसांना पुसून तो सावकाश लिहू लागला. त्या दिवशी त्याच्या मजुरीची घासाघीस करायचं मी विसरलो.

जागा गेलीच. ताबा घेताना त्यांनी पुढे केलेल्या कागदावर तोच शब्द होता. त्यावर मी सही केली नाही. अजूनही केलेली नाही.