गवताचा कावळा

तमाम रत्नागिरीकरांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, दर्भाचा कावळा माझ्याइतका सुबक कोणी वळत नाही. आज भटजींनी ओला दर्भ ओटीवर ठेवला आणि त्या वासासरशी मी पावस गावच्या ओढ्याकाठी पोचलो.

माझा चुलतभाऊ गोविंदा लढाईत बसऱ्याकडे बेपत्ता झाला होता. सहा वर्षांनी त्याचं शौर्यपदक आलं आणि सोबत तो मेल्याचं पत्र. मग आम्ही दहावा घातला. पिंडाशेजारी पदक चकाकत होतं. पलीकडे वहिनी बसली होती, कपाळावर कुंकू तसंच. कावळा शिवला की ते पुसायचं ठरलं होतं.

कावळे माडावरून हलेनात.

"गोविंदा, पदक देव्हाऱ्यात ठेवतो," थोरले काका ओरडून म्हणाले. "तुझी भातशेती सांभाळतो."

तरी एकही खाली येईना. ऊन चढलं, माणसं जेवणासाठी कुरकुरू लागली. अशा वेळी चालतो तो दर्भाचा कावळा मी ऐटीत वळला, त्याला चोचसुद्धा काढली. सगळ्यांनी वाहवा केली. ती वाहवा आता कानांत टोचते. तेव्हा मी फुलून गेलो होतो. कावळा पिंडाला टेकवणार, इतक्यात वहिनीने माझं मनगट धरलं.

"भावोजी, बसूया की आणखी थोडा वेळ. मला काय घाई नाय."