टाचणीच्या भोकातून दिसलेला फळा

सातवीत मी वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून शेवटच्या बाकावर बसायचे. फळ्यावरचं मला काहीच दिसत नसे. पण ते दिसायला हवं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. बाई बोलतात ते ऐकायचं आणि शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचं, शाळा अशीच असते असं मी धरून चालले होते. घरी आणि वर्गात मला वेंधळी म्हणत, तेही मी मान्य केलं होतं.

त्या वर्षी विज्ञानाला नव्या बाई आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, बोलणं थोडं तुसडं. ‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ हे नुसतं पाठ करून घ्यायच्या नाहीत त्या. जुनी पोस्टकार्डं आणली, प्रत्येकाला एकेक दिलं, टाचणीने भोक पाडायला लावलं. पुढे टेबलावर मेणबत्ती पेटवून तीन कार्डं एका ओळीत उभी केली आणि एकेकाला बोलावून ज्योत बघायला लावली. माझी पाळी यायला वेळ होता. मी उगाच माझं कार्ड डोळ्याला लावलं आणि फळ्याकडे पाहिलं.

फळ्यावर अक्षरं होती! अंधूक उजेडातली, पण सुटी सुटी. मी मोठ्याने वाचत सुटले. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, “कार्ड खाली घे. आता वाच.”

“आता नाय दिसत, बाई.”

“आणि कार्डातून?”

मी पुन्हा वाचलं. बाईंनी माझं कार्ड हातात घेतलं. मग म्हणाल्या, “तू वेंधळी नाहीस. तुला लांबचं दिसत नाही. छोट्या भोकातून उजेडाची बारीक धार आत जाते, म्हणून चित्र पसरत नाही. चष्म्याने हे कार्डाशिवाय होईल.”

मी घरी सांगितलं. वडिलांनी ताटावरून मानही वर केली नाही. “चष्मा लावल्यावर पोरीला सून कोन करनार?” एवढंच म्हणाले. बाईंना मी तसंच सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी बाई एसटीने आमच्या गावी, गव्हाणला आल्या. वडील मिठागरावरून यायचे होते. आईने बाईंना ओटीवर बसवून चहा दिला. बाईंनी चष्म्याचा विषयच काढला नाही. थंडीचे दिवस, लवकर अंधारलं होतं. त्या अंगणात उतरल्या आणि वर बोट दाखवून मला म्हणाल्या, “ते मृग. मधले तीन तारे मोज.”

मी पाहिलं. “एक धुरकट पट्टा दिसतो.”

आई दारात थबकली. “तिकांडं दिसत नाय तुला? पोरी, तीन उघडे तारे हायत!”

आईला पाटीवर एक अक्षर येत नव्हतं, पण तिकांडं कुठे आलं यावरून ती किती वाजले ते सांगायची. तिच्या लेकीला ते दिसतच नव्हतं, हे तिच्या जिव्हारी लागलं. वडील आले तेव्हा त्यांच्याशी बाई बोलल्याच नाहीत, आईच बोलली. “आंधळी पोर लग्नात देऊन मग सासरच्यांच्या शिव्या कोन खानार? सोमवारी मी नेते तिला.” वडिलांनी पाय धुतले, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, “जेवून जा, बाई.”

सरकारी दवाखान्यात मायनस साडेतीन नंबर निघाला. आठवड्याने तपकिरी फ्रेमचा चष्मा आला. तो घालून दवाखान्याबाहेर पडल्या पडल्या मी समोरच्या चिंचेपाशी उभीच राहिले. झाडाला एवढी वेगवेगळी पानं असतात? मला ते हिरवं ढगासारखं एकच वाटायचं. आईने हात ओढला, मग तीही थांबली आणि मला बघू दिलं.

बाईंनी त्यानंतर एक नेमच केला. प्रत्येक वर्गात जूनमध्ये पहिला तास धड्याचा नाही, पोस्टकार्डाचा. आधी उघड्या डोळ्यांनी फळा वाचायचा, मग भोकातून. ज्याला भोकातून जास्त दिसे, त्याच्या घरी त्या जायच्या. त्या पहिल्या जूनमध्येच आणखी चारजण सापडले. त्यांतल्या एकाला सगळे ढ म्हणायचे. बाईंनी त्याच्या घरी तीन खेपा घातल्या, कारण त्याचे वडील दोनदा भेटलेच नाहीत.